फिलिपिनो-जपानी टेस्टिंग मेन्यूला जायचंय? बुकिंगपासून बिलापर्यंत सगळं सविस्तर

सॅन फ्रान्सिस्को बे एरियातल्या मराठी मंडळींना सुशी पाठ झालीय, रामेन पाठ झालंय, पण फिलिपिनो जेवण म्हटलं की बहुतेकांची मजल जॉलिबीच्या फ्राइड चिकनपर्यंतच जाते (अमेरिकेतलं पहिलं जॉलिबी १९९८ मध्ये इथेच डेली सिटीत उघडलं). आणि फिलिपिनो आणि जपानी दोन्ही एकत्र करून मोजक्या खुर्च्यांच्या जागेत शेफने ठरवलेले पाच-सात छोटे कोर्स (म्हणजेच टेस्टिंग मेन्यू) वाढणारं रेस्टॉरंट म्हटलं की लोक आधी किंमत बघतात, मग मेन्यूतली अनोळखी नावं बघतात आणि टॅब बंद करतात. करू नका बंद. अशा जागांमध्ये फार मन लावून केलेलं जेवण मिळतं, आणि आपल्या जिभेला ते पटकन जवळचं वाटतं, कारण त्यात चिंच आहे, नारळ आहे, खारवलेली मासळी आहे, मूग आहे, शेवग्याचा पाला आहे आणि शेवटी भात आहे.

सॅन फ्रान्सिस्कोत ऑक्स अँड टायगर ही अशीच जागा, एक फिलिपिनो-अमेरिकन शेफ आणि एक जपानी शेफ अशा जोडप्याने पॉप-अपपासून, म्हणजे तात्पुरत्या जागेतल्या जेवणांपासून सुरुवात करून उभी केलेली. शिकागोचं कसामा जपानी नाही, पण २०२२ मध्ये मिशलिन स्टार मिळवणारं ते पहिलं फिलिपिनो रेस्टॉरंट, आणि त्यानंतर फिलिपिनो टेस्टिंग मेन्यू या प्रकाराकडे लोक गंभीरपणे बघायला लागले. छोट्या जागांचे वार, वेळा, मेन्यू सारखे बदलतात, त्यामुळे कुठलीही जागा ठरवण्याआधी त्यांचं स्वतःचं पान उघडून सध्या काय चालू आहे ते बघाच. मी इथे जे लिहितेय ते एका रेस्टॉरंटबद्दल नाहीये, या प्रकारच्या कुठल्याही छोट्या जागेत नीट जेवायचं कसं याबद्दल आहे.

आणि माझं म्हणणं एकच आहे: अशा जागेतलं जेवण चांगलं होणार की नाही हे निम्म्याहून जास्त बुकिंगच्या दिवशीच ठरतं. मोठ्या हॉटेलात वेटरला ऐनवेळी सांगितलं की हे नको ते द्या, तर आतून दुसरं काहीतरी येतं. इथे आत दोन-तीन माणसं असतात, तुमच्या नावाचे माशाचे तुकडे मोजून आणलेले असतात, रस्सा आदल्या दिवशीपासून तयार होत असतो. तुम्ही आधी जे सांगाल तेवढंच ते बदलू शकतात.

बुकिंगच्या आधी: कालनिर्णय बघा

गंमत म्हणून सांगत नाहीये. जागा मिळाली या आनंदात तारीख पक्की करायची आणि मग लक्षात यायचं की त्या दिवशी संकष्टी आहे, किंवा श्रावण लागलाय, किंवा बरोबर येणारी मैत्रीण मार्गशीर्षातले गुरुवार करते. अशा जागांमध्ये पैसे बऱ्याचदा बुकिंग करतानाच भरावे लागतात, रेझीसारख्या बुकिंगच्या ॲपवरून, जवळजवळ नाटकाचं तिकीट काढल्यासारखं, आणि ४८ किंवा ७२ तास आधी कॅन्सल नाही केलं तर पैसे परत नाहीत. हा नियम कडक वाटतो पण दहा खुर्च्यांपैकी दोन रिकाम्या राहिल्या तर त्या रात्रीची वीस टक्के कमाई गेली, म्हणून तो आहे. अडचण आलीच तर बरेच जण बुकिंग दुसऱ्याच्या नावावर करू देतात, मित्रांच्या ग्रुपवर टाकून बघा, पण रेस्टॉरंटला कळवून.

कोण कोण येणार हेही आधी ठरवा. दोघं किंवा चौघं उत्तम. सहाच्या वर गेलात की छोट्या जागेत तुमचाच गोंधळ सगळ्यांना ऐकू जातो. भारतातून आईबाबा आलेत आणि त्यांना न्यायचंय, तर दोन गोष्टी विचारा: काउंटरच्या उंच स्टुलाऐवजी पाठ असलेली खुर्ची मिळेल का, आणि जेवण साधारण किती वेळ चालतं. दोन-अडीच तास सहज लागतात. आल्याच्या पहिल्या आठवड्यात त्यांना उशिराच्या सीटिंगला अजिबात नेऊ नका, जेट लॅगमध्ये चौथ्या कोर्सला माणूस बसल्या जागी झोपतो. लहान मुलांना घरी ठेवता आलं तर बरं.

सगळ्यात महत्त्वाची पायरी: काय खात नाही ते नीट लिहा

इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे कारण मराठी लोकांचं बहुतेक सगळं इथेच अडतं.

फॉर्ममध्ये एक छोटा चौकोन असतो, त्यात नुसतं 'व्हेज' लिहून भागत नाही. जपानी स्वयंपाकाचा पाया म्हणजे दाशी, कोंबू नावाचं समुद्री शेवाळ आणि कात्सुओबुशी म्हणजे सुकवून, धुरवून, किसलेला मासा यांचा अर्क. फिलिपिनो स्वयंपाकाचा पाया म्हणजे पातिस आणि बागूंग, पातिस हा खारवलेल्या मासळीचा पातळ रस आणि बागूंग म्हणजे मासळी किंवा बारीक कोळंबी मिठात मुरवून केलेला दाट प्रकार, आपला जवळा ज्यांनी खाल्लाय त्यांना वासावरूनच ओळख पटेल. म्हणजे ताटात वरून वांगं दिसतंय, भोपळा दिसतोय, पण खाली मासळी आहेच. अंड्याच्या चवानमुशीत दाशी, भाजीच्या सॉसमध्ये पातिस, कधी भातातसुद्धा दाशी. अशा वेळी शाकाहारी माणसाने नुसतं व्हेज लिहिलं तर शेफ मांस काढेल, पण त्याच्या डोक्यात दाशी हा मासा नसून पाणी असतं, इतकी ती सगळीकडे असते.

म्हणून असं लिहा: मांस, मासे, कोळंबी-खेकडे काही नाही, त्याचबरोबर माशाची दाशी, कात्सुओबुशी, पातिस, बागूंग, चरबी आणि जिलेटिनही नाही, अंडं आणि दूध चालतं (किंवा चालत नाही). एवढं वाचल्यावर शेफला लगेच कळतं की समोरच्याने विचार केलाय, आणि तो कोंबू आणि सुक्या शिताके मशरूमची दाशी करू शकतो, तीही फार चवदार होते. जैन असाल तर कांदा, लसूण, कंद हे वेगळं लिहावं लागेल आणि इथे मी स्पष्टच सांगते, आदोबो (व्हिनेगर, सोया सॉस आणि लसणीत शिजवलेलं मांस) लसणीशिवाय होत नाही आणि उबे हा कंदच आहे, त्यामुळे बहुतेक छोट्या जागा नम्रपणे नाही म्हणतील. नाही म्हणाले तर राग मानू नका, हो म्हणून उकडलेल्या भाज्या वाढण्यापेक्षा ते प्रामाणिक आहे.

बीफ खात नसाल तर तेही ठळकपणे लिहा. फिलिपिनो काऱे-काऱे शेंगदाण्याच्या दाट रश्श्यात बैलाच्या शेपटीचं मांस घालून करतात, जपानी बाजूने वाग्यू येतं, आणि शेवटच्या मोठ्या कोर्सला या दोन्हीपैकी काहीतरी असण्याची शक्यता बरीच. पोर्क नको असेल तर लेचोन (भाजलेलं डुक्कर), लोंगनिसा (सॉसेज), तोसिनो (गोडसर मुरवलेलं पोर्क) हे सगळं बाद होतं. आणि बीफ नको म्हणजे बीफची चरबी, बीफचा स्टॉकही नको का, हे तुमचं तुम्ही आधी ठरवा, नंतर टेबलवर विचारात पडू नका. मद्य अजिबात चालत नसेल तर मिरिन आणि साके ही तांदळाची जपानी मद्यं स्वयंपाकातही वापरतात हे लक्षात ठेवा.

ॲलर्जी आणि आवड यांची गल्लत करू नका. कोळंबीची ॲलर्जी असेल तर ती ॲलर्जी म्हणून लिहा, बागूंगमुळे ती महत्त्वाची आहे, काऱे-काऱेमुळे शेंगदाण्याची महत्त्वाची आहे. पण कोथिंबीर आवडत नाही म्हणून ॲलर्जी लिहू नका, त्या एका शब्दावर आतली माणसं सुऱ्या, फळ्या, भांडी वेगळी करतात. दोन दिवस आधी एक छोटा मेसेज टाकून बुकिंगमधली नोंद पोचली ना एवढं विचारून घ्या. बस.

पैशाचा हिशेब आधीच करा

मेन्यूवरचा आकडा हा शेवटचा आकडा नसतो. समजा माणशी १२० डॉलरचा मेन्यू आहे आणि तुम्ही दोघं आहात, म्हणजे २४० झाले. त्यावर २० टक्के सर्व्हिस चार्ज असेल तर ४८. कॅलिफोर्नियात सक्तीच्या सर्व्हिस चार्जवरही सेल्स टॅक्स लागतो, सॅन फ्रान्सिस्कोत तो ८.६२५ टक्के धरला तर २८८ वर साधारण २५ डॉलर. म्हणजे पाण्याशिवाय काही न पिता ३१३ च्या आसपास. काही ठिकाणी कर्मचाऱ्यांच्या आरोग्य विम्यासाठी म्हणून आणखी काही टक्के लावतात, ते मेन्यूवर किंवा बुकिंगच्या पानावर लिहिलेलं असतं.

सर्व्हिस चार्ज लावलेला असेल तर वेगळी टिप द्यायची सक्ती नाही. बिलावर टिपची रिकामी ओळ असते म्हणून अनेक जण गोंधळून परत २० टक्के देतात. नीट वाचा, समजत नसेल तर सरळ विचारा, विचारण्यात काही कमीपणा नाही. सर्व्हिस चार्ज नसेल तर मात्र १८ ते २० टक्के टिप धरूनच बजेट करा, आणि ते परवडत नसेल तर दोन महिने थांबून जा.

पेयांचं पेअरिंग घेतलं की माणशी खर्च जवळजवळ दीडपट होतो. त्याबद्दल पुढे लिहितेय.

जाण्याआधी एक साधं फिलिपिनो जेवण जेवून घ्या

ही पायरी बहुतेक कुणी करत नाही आणि माझ्या मते याच्याइतका फायदा दुसऱ्या कशाचा होत नाही. शेफ जेव्हा सिनिगांगची, म्हणजे चिंचेच्या फिलिपिनो रश्श्याची चव एका घोटात आणून ठेवतो तेव्हा मूळ सिनिगांग माहीत नसेल तर तो तुम्हाला नुसता आंबट रस्सा वाटेल. डेली सिटी, युनियन सिटी, मिल्पिटास, वलेहो, कुठेही साधं फिलिपिनो घरगुती हॉटेल सापडेल, सीफूड सिटीसारख्या फिलिपिनो सुपरमार्केटमध्येही गरम जेवणाचा काउंटर असतो. तिथे तीन गोष्टी खा: चिंचेचं सिनिगांग, आदोबो, आणि काहीतरी तळलेलं, बरोबर व्हिनेगरची वाटी. गोव्याकडच्या लोकांना ते माडाचं व्हिनेगर लगेच ओळखीचं वाटेल, आपल्याकडे पोर्तुगिजांच्या नादाने विंदालूत गेलं ती तीच जातकुळी.

शाकाहारी असाल तर या हॉटेलांत तुमची पंचाईत होते, खोटं कशाला बोलू. उबेचं आइसक्रीम किंवा हलाया खा. उबे म्हणजे आपलं कोनफळ, तोच जांभळा कंद.

हे दोन देश एका ताटात आले कसे

हे वाचून गेलात तर जेवताना मजा वेगळी येते, आणि हे फ्यूजन म्हणजे कुणीतरी उगाच जमवलेलं काहीतरी आहे हा गैरसमज जातो. सोळाव्या शतकात फिलिपिन्सच्या लुझोन बेटावरून जपानात नेलेल्या साध्या मातीच्या बरण्या तिथल्या चहाच्या जाणकारांमध्ये अतिशय मौल्यवान मानल्या जायच्या. मनिलाजवळ दिलाओ नावाची जपानी वस्ती होती, आणि १६१४ मध्ये ख्रिस्ती धर्म सोडायला नकार दिला म्हणून जपानातून हाकललेला सरदार ताकायामा उकोन मनिलाला पोचला आणि दोनेक महिन्यांत तिथेच वारला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दावाओमध्ये आबाकाच्या, म्हणजे दोर करायच्या तागासारख्या धाग्याच्या मळ्यांमुळे मोठी जपानी वस्ती झाली. मनिलात अमेरिकनांनी १९०२ मध्ये बर्फाचा कारखाना काढला आणि युद्धाआधी क्विंता मार्केटच्या परिसरातले जपानी विक्रेते किसलेल्या बर्फावर गोड शिजवलेले मूग घालून विकायचे, हालो-हालो या किसलेल्या बर्फाच्या फिलिपिनो गोडाचा उगम तिथला मानला जातो. आणि सिनिगांगचा एक जुना घरगुती प्रकार आहे ज्यात मिसो, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचा जपानी वाटलेला गोळा घालतात, माशाचं डोकं आणि मोहरीची पानं घालून. म्हणजे ज्याला आपण नवं फ्यूजन म्हणतोय ते मनिलातल्या घरांमध्ये कधीपासून शिजतंय.

पण सगळं गोड नाही. १९४२ ते १९४५ जपानी सैन्याचा ताबा होता आणि १९४५ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मनिलाच्या लढाईत साधारण एक लाख नागरिक मेले. अनेक फिलिपिनो घरांमध्ये आजीआजोबांच्या तोंडून ऐकलेल्या या गोष्टी आजही आहेत. त्यामुळे शेफसमोर दोन देशांच्या मैत्रीबद्दल भाबडं काहीतरी बोलू नका, ते त्यांना सांगायचं असेल तसं सांगू दे. अमेरिकेत मात्र हे दोन समाज शेजारी शेजारी राहिले. १९२० मध्ये हवाईच्या ओआहू बेटावर उसाच्या मळ्यांतल्या जपानी आणि फिलिपिनो मजुरांनी एकत्र संप केला होता. आणि आपल्या साउथ बेमध्ये, सॅन होजेच्या जपानटाउनमध्येच सहाव्या रस्त्याच्या बाजूला फिलिपिनो लोकांचं पिनॉयटाउन होतं. कधी गेलात तर त्या रस्त्यावरून चालत जा.

त्या दिवशी

दुपारी एक-दीडपर्यंत हलकं जेवा, पाच वाजताच्या चहाबरोबर खारी-टोस्ट खाऊ नका. पण उपाशीही जाऊ नका, पहिले दोन कोर्स आंबट आणि कच्चे असू शकतात, रिकाम्या पोटात व्हिनेगर बरं नाही वाटत.

अत्तर, परफ्यूम लावू नका. बारा माणसं एका छोट्या खोलीत, समोर कोळशावर काहीतरी भाजतंय, त्यात एकाच्या परफ्यूमने सगळ्यांचं नाक बंद होतं. कपडे नीटनेटके, सूटबूट कुणी बघत नाही.

दहा मिनिटं आधी पोचा, तीस मिनिटं आधी नको, बाहेर थांबायला जागा नसते. सगळ्यांना एकत्र वाढत असतील तर तुमच्या वीस मिनिटांच्या उशिराने सगळे खोळंबतात. सॅन फ्रान्सिस्कोत गाडीने जात असाल तर गाडीत बॅग, लॅपटॉप, जॅकेटसुद्धा दिसेल असं ठेवू नका, काच फुटते. पिणार असाल तर गाडी न्यायचीच नाही.

ताट समोर आल्यावर

प्रत्येक कोर्सबरोबर शेफ किंवा वाढणारी व्यक्ती दोन-तीन वाक्यं बोलते. ती ऐका. नंतर गूगल करता येत नाही कारण बऱ्याचदा त्या पदार्थाला नावच नसतं. आणि मग लगेच खा. फोटो एक-दोन काढा, फ्लॅशशिवाय, पण लवकर.

लवकर का म्हणते तर किनिलाव घ्या. कच्चा मासा व्हिनेगरमध्ये किंवा कालामान्सी लिंबाच्या रसात ऐनवेळी घोळून देतात, आलं, मिरची, कांदा, कधी नारळाचं दूध. हा फार जुना प्रकार, फिलिपिन्समधल्या बुतुआनच्या उत्खननात माशांच्या हाडांबरोबर कापलेली ताबोन-ताबोन फळं सापडलीत, आणि ते फळ किनिलावमधला मासळीचा वास मारायला आजही तिकडे वापरतात. आंबटामुळे माशाचा पृष्ठभाग पांढरा व्हायला लागतो, आत मात्र साशिमीसारखा मऊ राहतो. हाच तो क्षण पकडायचा असतो. फोटो काढत बसलात तर तो आतही घट्ट होत जातो आणि शेफने जे केलं होतं ते गेलं. फिलिपिनो-जपानी जागेत हा कोर्स बहुतेक असतोच, कारण दोन्ही स्वयंपाकांची भेट कच्च्या माशावर सगळ्यात सरळ होते, एकीकडे कापण्याची शिस्त आणि दुसरीकडे आंबट.

आता एक बारकावा, जो मला फार आवडतो. फिलिपिन्समध्ये टेबलावर सावसावान असतं, म्हणजे व्हिनेगर, सोया सॉस, कालामान्सी, मिरची, पातिस यांच्या वाट्या, आणि जेवणारा स्वतःच्या जिभेप्रमाणे चव पुरी करतो, स्वयंपाक करणाऱ्याला त्यात अपमान वाटत नाही. जपानी काउंटरवर नेमकं उलटं आहे, शेफने निगिरीवर (भाताच्या मुटक्यावर मासा ठेवलेल्या सुशीवर) सॉस लावूनच दिलेला असतो, त्याची चव तिथे पूर्ण झालेली असते, तुम्ही परत सोया सॉसमध्ये बुडवलं तर ते खटकतं. मग या दोन्हीच्या मध्ये असलेल्या रेस्टॉरंटमध्ये काय करायचं? विचारायचं. बरोबर वाटी आली असेल तर 'हे यात बुडवून खायचं का, की आधी तसंच खाऊ?' एवढा प्रश्न पुरतो, आणि या प्रश्नावर शेफ खुलून बोलतात असा माझा अनुभव आहे. वाटी आली नसेल तर मागू नका, निदान अर्धं ताट संपेपर्यंत तरी.

रस्सा आला, मग ती दाशीत चिंच घातलेली असो की मिसोचं सिनिगांग, आधी नुसता घोट घ्या, नंतर आतलं खा. जपानी वाडगा उचलून तोंडाला लावला तर चालतं, किंबहुना तसाच पितात. चवानमुशी म्हणजे दाशीत अंडं फेटून वाफवलेलं, ते चमच्याने, आणि जपून, आत खूप गरम असतं, तळापर्यंत जा कारण चांगल्या गोष्टी खाली असतात.

चॉपस्टिक्स भातात उभ्या खोचायच्या नाहीत आणि एकाच्या चॉपस्टिकमधून दुसऱ्याच्या चॉपस्टिकमध्ये घास द्यायचा नाही, जपानात या दोन्ही गोष्टी अंत्यविधीशी जोडलेल्या आहेत. एकमेकांना चव द्यायची तर छोट्या बशीत काढून द्या. फिलिपिनो पद्धत चमचा आणि काट्याची, चमचा उजव्या हातात. आणि एखादा कोर्स केळीच्या पानावर आला, हाताने खा म्हणाले, तर त्या खोलीत सगळ्यात सहज तुम्हीच जेवाल. निगिरीही हाताने खाल्लेली चालते.

भाताचा कोर्स शेवटाकडे येतो, मांसाबरोबर किंवा लसणीच्या परतलेल्या भाताच्या रूपात. पोटात त्याच्यासाठी जागा ठेवा. मधे पाव आला, पानदेसाल किंवा मऊ जपानी मिल्क ब्रेड, तर सगळा संपवायचा मोह होतो, अर्धा ठेवा.

गोडात उबे, लेचे फ्लान, काळा तीळ, माच्चा, किंवा हालो-हालो आणि जपानी काकिगोरी यांच्या मधलं काहीतरी असतं. बर्फावर मूग-राजमा गोड शिजवून घातलेले बघून आपल्याकडची माणसं बिचकतात. पुरणपोळी खाणाऱ्याने डाळीच्या गोडाला घाबरायचं काही कारण नाही.

काय प्यायचं

पूर्ण पेअरिंग घ्यायची गरज नाही, दोघांत एक घेतलं आणि वाटून प्यायलात तरी चालतं का ते विचारा, काही ठिकाणी चालतं. आंबट जेवणाबरोबर वाइन निवडणं अवघड जातं, साके सोपी जाते. जुनमाई म्हणजे वरून अल्कोहोल न घातलेली; गिंजोत तांदूळ घासून ६० टक्के किंवा त्याहून कमी ठेवतात, दाइगिंजोत ५० टक्के किंवा कमी. महाग म्हणजे दाइगिंजो म्हणून सगळे तिकडे धावतात, पण ती फुलांसारखी नाजूक असते आणि आदोबोसमोर हरवून जाते. व्हिनेगर, सोया, लसूण असलेल्या पदार्थांबरोबर किमोतो किंवा यामाहाई पद्धतीची साके मागून बघा, तिच्यात स्वतःचा आंबटपणा असतो, थोडी कोमट करून दिली तर आणखी छान. फिलिपिनो बाजूने लांबानोग मिळाली तर ती माडीची ऊर्ध्वपातित दारू आहे, कडक असते, घोटभरच. न पिणाऱ्यांनी कालामान्सीचं सरबत, सालाबात म्हणजे आल्याचा काढा, किंवा होजिचा म्हणजे भाजलेल्या पानांचा जपानी चहा मागावा, अनेक जागा बिनदारूचं पेअरिंगही मेहनतीने करतात आणि ते घेण्यासारखं असतं.

बोलायचं किती

काउंटर असेल तर शेफ समोरच असतो, पण तो चिमट्याने पानं लावत असताना प्रश्न विचारू नका. ताटं गेली, हात पुसला, की बोला. चांगले प्रश्न म्हणजे व्हिनेगर कशाचं आहे, उसाचं की माडाचं, दाशी आज कशाची, हा पदार्थ घरी कोण करायचं. शेवटचा प्रश्न विचारला की बऱ्याचदा आजी किंवा आईची गोष्ट निघते. 'आमच्याकडे पण असंच असतं' हे एकदा सांगा, त्यांनाही आवडतं, कोनफळ आणि शेवग्याची ओळख निघाली की गप्पा रंगतात, पण प्रत्येक कोर्सला सांगू नका, शेजारच्या खुर्चीवरची माणसंही त्याच शेफला ऐकायला आलेली असतात. फिलिपिन्सच्या टागालोग भाषेत 'सलामत पो' (धन्यवाद) आणि जपानीत जेवण झाल्यावर 'गोचिसोसामा' म्हटलं तर पुरे.

एखादी गोष्ट आवडली नाही तर ठेवून द्या, विचारलं तर खरं सांगा. बीफ नको लिहिलं होतं आणि ताटात शंका येतेय, तर न खाता लगेच आणि शांतपणे सांगा, खाऊन झाल्यावर नाही. चुका होतात आणि बहुतेक वेळा ते धावत दुसरं आणून देतात.

निघताना आणि नंतर

बिल शांतपणे वाचा, सर्व्हिस चार्जची ओळ शोधा. उरलेलं बांधून द्या म्हणणं इथे जमत नाही, कच्चा मासा आणि वाफवलेलं अंडं घरी नेण्यात अर्थ नसतो. छापील मेन्यू असेल तर मागून घ्या, तारीख लिहून देतात कधी कधी.

रिव्ह्यू लिहिणार असाल तर आहाराची नोंद कशी केली आणि त्यांनी काय बदलून दिलं हे जरूर लिहा. पुढच्या शाकाहारी किंवा बीफ न खाणाऱ्या माणसाला पदार्थांच्या फोटोंपेक्षा त्याचा जास्त उपयोग होतो, आणि 'पोर्शन छोटे' असं लिहून स्टार कापू नका, सात कोर्स मोठे असते तर तिसऱ्यालाच उठावं लागलं असतं.

मेन्यू साधारण ऋतूप्रमाणे बदलतो, तेव्हा लगेच पुढच्या महिन्यात परत जाण्यापेक्षा तीन-चार महिन्यांनी जा. तोपर्यंत घरी करून बघायचं असेल तर मिसोचं सिनिगांग सगळ्यात सोपं: कांदा, टोमॅटो परता, पाणी किंवा कोंबूचं पाणी घाला, चिंचेचा कोळ, मुळ्याच्या चकत्या, रावसाचे तुकडे, मासा शिजला की गॅस बंद करून थोड्या रश्श्यात कालवलेला मिसो घाला (उकळू नका, वास उडतो) आणि वरून मोहरीचा पाला. शाकाहारींनी माशाऐवजी टोफू आणि शिताके घ्यावेत. मीठ शेवटी चाखून, कारण मिसो खारट असतो. बरोबर गरम भात.